दशरथ गावी गेला

"खिडकीची सीट धर. घाटात तुला मळमळतं," कोंडिराम म्हणाला.

"वीस वर्षं तेच सांगतोयस," दशरथ हसला.

भर दुपारी दोघं काशीमिऱ्याच्या नाक्यावर गुहागरच्या एसटीची वाट बघत होते. भाईंदरच्या स्टीलच्या एका कारखान्यात त्यांनी वीस वर्षं शेजारशेजारच्या मशीनवर ताटवाट्यांना पॉलिश केलं होतं. कोंडिराम परभणीकडचा, दशरथ गुहागरचा. पण डबा कधी वेगळा खाल्ला नाही. आता दशरथची छाती पॉलिशच्या धुळीने भरली होती. डॉक्टरांनी काम सोडायला लावलं आणि तो कायमचा गावी निघाला.

सकाळी कारखान्यात निरोप देताना कोंडिराम दशरथचा हात सोडेना, तर फोरमन उत्तम सगळ्यांसमोर म्हणाला, "काय रे, बायको माहेरी चाललीय काय तुझी?" सगळे हसले. कोंडिरामही हसला आणि नळावर तोंड धुऊन आला. असं रडू लपवणं त्याला सवयीचं होतं. बाप गेला तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. "तू थोरला. तू रडलास तर आईकडं कोण बघणार?" असं चुलत्याने बजावलं होतं. तेव्हापासून तो कुणासमोर रडला नव्हता.

एसटी आली. दशरथ पायरीवर चढला आणि मागे वळला.

"तू होतास म्हणून निभलं रे, कोंडिबा."

पोचल्यावर पत्र टाक, एवढंच कोंडिरामला म्हणायचं होतं. तेही जमलं नाही. गाडी दिसेनाशी झाली आणि तो तिथेच, माणसांच्या गर्दीत, हुंदके देऊन रडू लागला. तोंड झाकायला उचललेला हात त्याने तसाच खाली सोडला.

"क्या हुआ चाचा? कोई गुजर गया क्या?" एका रिक्षावाल्याने विचारलं.

"नहीं भाई. दोस्त गाव गया."

रिक्षावाल्याने मागच्या सीटवर फडकं मारलं. मग म्हणाला, "बैठो. आराम से चलते हैं."

घरी चंपाबाई कपड्यांच्या घड्या घालत होती. नवऱ्याकडे बघून ती म्हणाली, "डोळे लाल झालेत. कचरा गेला का हो?"

"नाही. रडलो मी. नाक्यावर, सगळ्यांदेखत."

चंपाबाईचे हात थांबले. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. हे वाक्य ती पहिल्यांदाच ऐकत होती.

"मग आता?"

"बरं वाटतंय," तो म्हणाला.

तिने कपडे बाजूला सारून त्याला जागा करून दिली. कोंडिराम दशरथच्या एकेक गोष्टी सांगत राहिला. मध्येच तो डोळे पुसायचा, मध्येच दोघं हसायचे. जेवायची वेळ कधीच टळून गेली होती.