कडेने येणारे

बारक्याने दोन्ही हातांनी पेटीचं झाकण वर ओढलं. ते इतकं घट्ट बसलं होतं की आतली हवा फुस्स करत बाहेर आली आणि झाकण एकदम सुटून त्याच्या छातीवर आपटलं.

"हळू रे!" त्याचा दादा हसला. "दोन वर्षं वाट बघितलीस, आता दोन मिनिटांत फाडून ठेवशील."

जेवणाचं टेबल रिकामं करून त्यांनी पेटी मधोमध ठेवली होती. ती नवऱ्याच्या बाजूच्या खुर्चीवर बसून दोघा भावांची गंमत बघत होती. बारक्या तिचा धाकटा दीर. आता त्याचं पोट सुटलं होतं, कानशिलं पांढरी झाली होती, तरी घरात त्याला कोणी दुसऱ्या नावाने हाक मारत नसे. रविवारची सुटी साधून तो लांबच्या गावाहून ही जड पेटी खांद्यावर मारून आला होता. शाळेत असताना ज्या व्हिडिओ गेमपायी दोघा भावांनी मार खाल्ला होता, त्याच गेमवरून आता कोणीतरी पटावरचा खेळ काढला होता. पडद्यावरचे सगळे राक्षस प्लॅस्टिकच्या पुतळ्या होऊन आले होते. खेळ तयार होण्याआधीच बारक्याने पैसे भरून तो सांगून ठेवला होता.

ती औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होती, त्यामुळे तिचं लक्ष आधी पेटीकडेच गेलं. एकावर एक बसवलेले ट्रे, प्रत्येक पुतळीला तिच्याच आकाराचा खळगा, कोपऱ्यात बोट घालायला जागा. कोणीतरी मन लावून काम केलं होतं.

"आई, हे बघ, हे मी काढू?" भिंगरी पुठ्ठ्याचा एक ताव हलवत म्हणाली. त्यात गोल गोल सोंगट्या कापून ठेवल्या होत्या. भिंगरी अकरा वर्षांची, एका जागी बसेल तर शपथ. पण आज ती खुर्चीवर मांडी घालून एकेक सोंगटी टकटक बाहेर पाडत बसली होती.

बारक्याने वरचा ट्रे उचलून बाजूला ठेवला. सगळ्या पुतळ्या राखाडी होत्या, रंग ज्याने त्याने घरी द्यायचा. त्याने एक उचलली आणि दादाच्या हातात ठेवली.

"ओळख पाहू."

तिच्या नवऱ्याने पुतळीवरून अंगठा फिरवला. "हेडमास्तर!" तो ओरडला. "ही बघ घंटा. अगदी तोच."

गेमची भाषा तेव्हा दोघांनाही कळत नव्हती, म्हणून राक्षसांची बारशी त्यांनीच केली होती. घंटा वाजवत येणारा लठ्ठ हेडमास्तर. विहिरीतून लांब हात काढणारी मावशी. दोन तोंडांचा कुत्रा, त्याचं नाव जोडगोळी.

"बाबा, तुम्ही घाबरायचात?" भिंगरीने विचारलं.

"मी? तुझा काका घाबरायचा. मावशी आली की हा उशीखाली. मला कडेची नुसती सावली हलली तरी कळायचं. मी आधीच ओरडायचो."

"खरंय," बारक्या म्हणाला. त्याने पुढची पुतळी दिली. "ही?"

"मावशी." पुन्हा अंगठा. पुन्हा बरोबर.

ती हसत होती. मग तिला दिसलं की नवरा पुतळीकडे बघतच नाहीये. त्याची मान सरळ होती, नजर समोर खिडकीवर, आणि बोटं आपली आपली काम करत होती.

बारक्याने तिसरी पुतळी उचलून दादाच्या डाव्या बाजूने पुढे केली. या वेळी तो काही बोलला नाही. पुतळी नवऱ्याच्या गालापासून वीतभर अंतरावर होती. नवरा भिंगरीला विहिरीच्या जिन्याची गोष्ट सांगत राहिला. बारक्याचा हात तसाच हवेत राहिला, थोडा वेळ, आणि मग मागे गेला.

तिने हातातला पुठ्ठा खाली ठेवला.

गाडीवरचा तो ओरखडा. पुढच्या दारापासून मागच्या चाकापर्यंत गेलेला. उभ्या गाडीला कोणीतरी घासून गेलं, असं तो म्हणाला होता. सिनेमागृहात अंधार झाल्यावर त्याने तिचा खांदा धरला होता आणि गुडघ्याला दोष दिला होता. संध्याकाळच्या शिकवणीची मुलं सोडायचं काम त्याने गेल्या हिवाळ्यात सोडलं, दगदग होते म्हणून. तिला तेव्हा बरंच वाटलं होतं. माणूस वेळेवर घरी येतो, आणखी काय पाहिजे.

तो शाळेची व्हॅन चालवायचा. मुलं त्याला व्हॅनकाका म्हणत.

खात्री करून घ्यावी असंही वाटेना आणि केल्याशिवाय राहवेना. तिने ट्रेमधून एक उंच पुतळी उचलली, पंख पसरलेली, आणि बोलता बोलता ठेवावी तशी त्याच्या कोपराजवळ टेबलाच्या कडेला ठेवली. तिचा हात त्याच्या समोरून नाही, बाजूने गेला. त्याने वळून पाहिलं नाही.

थोड्या वेळाने त्याने हात हलवला आणि पुतळी फरशीवर पडली.

"अरेरे! मीच धांदरट." तो जरा जास्तच मोठ्याने हसला आणि लगेच खाली वाकला. गुडघ्यांवर बसून तो तळवा फरशीवरून फिरवू लागला, सांडलेलं पाणी पुसावं तसा. पुतळी त्याच्या गुडघ्याला लागून पडली होती. एक पंख तुटून बाजूला गेला होता.

"बाबा, तिथेच तर आहे!" भिंगरी म्हणाली.

"हो हो, दिसली," तो म्हणाला आणि हात भलतीकडेच नेला.

ती उठली. "मी चहा टाकते," असं म्हणताना आपला आवाज आपल्यालाच परका वाटतोय हे तिच्या लक्षात आलं.

स्वयंपाकघरात तिने पातेलं गॅसवर ठेवलं, पण गॅस पेटवायचा राहून गेला. उद्या सोमवार. सकाळी मुलं फाटकाशी उभी असतील. पुढच्या सीटवर बसायला भांडणाऱ्या जुळ्या बहिणी, रोज एक बूट हातात घेऊन चढणारा तो धांदरट पोरगा, आणि सगळ्यांत छोटी, जिची आई खिडकीतून हात घालून तिचा पट्टा दोनदा ओढून बघते. ती आई मग व्हॅनकाकाकडे बघून हसते आणि घरात निघून जाते.

बारक्या दारात येऊन उभा राहिला.

"कधीपासून आहे, वहिनी?"

"काय कधीपासून?"

"मी मुद्दाम बाजूने धरली होती पुतळी. दोन्ही बाजूंनी धरून बघितली. तुम्हाला डावीकडची तेवढी दिसली."

तिला वाटलं होतं, हे आपल्या एकटीलाच कळलंय आणि आता ते याच्यापासून लपवायचंय.

"भाऊजी, तुम्हाला कसं कळलं?"

त्याने दाराची चौकट धरली. "चष्म्याचा नंबर काढायला गेलो होतो. डॉक्टरने मला तीन वेळा परत बोलावलं. डोळ्याच्या आतला पडदा कडेकडेने वाळत येतो म्हणे. आधी अंधारातलं जातं, मग बाजूचं. मधलं शेवटपर्यंत राहतं, म्हणून माणसाला स्वतःलाही पत्ता लागत नाही. घराण्यातून येतं. त्यांनी विचारलं, भाऊ आहे का? फोनवर सांगायला जीभ रेटेना. तेवढ्यात ही पेटी आली. म्हटलं, ही घेऊन जातो, समोर बसून कळेलच."

"आणि तुम्हाला? तुम्हाला किती दिसतं?"

"आत्ता तुमचा चेहरा दिसतोय," बारक्या म्हणाला. "तुमच्या हातात काय आहे ते दिसत नाहीये."

तिच्या हातात काडेपेटी होती. तिने ती ओट्यावर ठेवली, आवाज न करता, आणि मग वाटलं की आवाज करायला हवा होता.

"मी बोलतो दादाशी," तो म्हणाला.

"नको. माझं ऐकतील. नाही ऐकलं तर मग तुम्ही."

ती बाहेर आली आणि नवऱ्याच्या बाजूची नेहमीची खुर्ची सोडून टेबलाच्या पलीकडे बसली, बरोबर त्याच्या समोर.

"अहो, उद्या गाडी काढू नका."

"का? काय झालं?"

"तुम्हाला बाजूचं दिसत नाही."

भिंगरीची टकटक थांबली. नवऱ्याने तुटका पंख पुतळीच्या खांद्याला जुळवून बघितला, पुन्हा बघितला.

"काहीतरीच. इतकी वर्षं चालवतोय. डोळे मिटून नेईन गाडी शाळेपर्यंत. रस्ता पाठ आहे मला."

"रस्ता पाठ असेल. पण मध्ये कोण येईल ते कसं पाठ असणार?"

"तुला कोणी भरवलं हे? आरशात बघतो मी. दर वळणावर बघतो. मान वळवून बघतो." त्याचा आवाज चढला. "आणि गाडी नाही काढायची तर काय करायचं? हे खेळ मांडून बसू?"

"दादा," बारक्या तिच्या मागून म्हणाला, "मलाही तेच झालंय."

नवऱ्याने आवाजाच्या दिशेने मान वळवली आणि भाऊ नजरेच्या मधोमध येईपर्यंत ती हळूहळू सरकवत नेली. ते सरकवणं तिघांनीही पाहिलं.

"तुला?"

"हो."

"किती?"

"बराच. गाडी विकून टाकली गेल्या महिन्यात. आज बसने आलो, दुपारच्या आत पोचायचं म्हणून भल्या सकाळी निघालो."

नवऱ्याने पुतळी आडवी ठेवली आणि तोंडावरून हात फिरवला.

"त्या छोटीच्या फाटकाशी," तो म्हणाला. तो कोणाशी बोलत होता ते कळत नव्हतं. "मंगळवारी. ती चढली, पट्टा लावला, दार लागलं. मी गाडी सुरू केली. तिचा भाऊ दाराशीच उभा होता, टाटा करायला. खाली उतरला होता रस्त्यावर. मला तो दिसलाच नाही. आरशातही नाही. त्याची आई किंचाळली म्हणून ब्रेक दाबला. चाक त्याच्या चपलेवर होतं. पाय त्याने ओढून घेतला होता. आई म्हणाली, पोरगंच वांड आहे, तुमची काय चूक. माझी माफी मागितली तिने."

"आणि तुम्ही बुधवारी पुन्हा गाडी काढलीत," ती म्हणाली.

"काढली. गुरुवारी काढली. परवाही काढली." तो तिच्याकडे सरळ बघत होता. "रोज वाटायचं, आज कोणीतरी मला अडवावं."

तिने त्याचा हात धरला.

मग त्याने फोन घेतला. शाळेची दुसरी व्हॅन चालवणाऱ्या बाईंना त्याने आधी लावला. तब्येत बरी नाही, उद्या माझीही मुलं घ्याल का? त्यांनी किती दिवस म्हणून विचारलं असावं, कारण तो म्हणाला, "आता तुम्हीच घेत जा." त्यानंतर त्याने एकेका आईबापाला फोन केले. छोटीच्या आईला त्याने तब्येतीचं सांगितलं नाही, खरं काय ते सांगितलं. ते बोलायला तो गॅलरीत गेला आणि बारक्या त्याच्या पाठोपाठ गेला. दाराचा उंबरा ओलांडताना दोघांनीही पाय जरा जास्त वर उचलला. ते आज पहिल्यांदा तिच्या नजरेत भरलं.

खोलीत ती आणि भिंगरी राहिल्या. बाहेर दिवस कलला होता. भिंगरीने सगळं ऐकलं होतं, पण ती काही विचारत नव्हती. काढलेल्या पुतळ्या ती पुन्हा ट्रेमध्ये बसवत होती. एक खळगा तिने बोटांनी चाचपला, पुतळी फिरवली, बसली नाही, दुसरा चाचपला.

भिंगरीकडे बघत ती दिवा लावायला उठली. तिचा हात बटणाकडे गेला आणि तिथेच थांबला.

घराण्यातून येतं, बारक्या म्हणाला होता. त्याने पुढे काही सांगितलं नव्हतं आणि तिने विचारलं नव्हतं. भिंगरी जिन्यावरून उतरताना कठडा धरते. सगळीच मुलं धरतात. गेल्या आठवड्यात ती दारावर आपटली होती. ती धावतच असते, आपटणारच.

"आई, दिवा लाव ना," भिंगरी म्हणाली. "काही दिसत नाहीये."

या वेळेला कोणालाच धड दिसत नाही, तिने स्वतःला सांगितलं. तिने डोळे ताणून टेबलाकडे बघितलं. ट्रेची कड दिसत होती. हेडमास्तर दिसत होता, त्याच्यामागे मावशीचा हात. की ते तिथे आहेत हे माहीत होतं, म्हणून दिसत होते?

"आई?"

तिने बटण दाबलं.