पाल्याचं पोतं

माही जीभ लय चालते, हे मी कबूलच करते. प्रफुल माहा एकुलता एक लेक. मागच्या उन्हाळ्यात त्याच्या गाडीले ट्रकनं उडवलं. घरात उरलो आमी दोघीच, मी न त्याची बायको संघप्रिया.

पोरीनं अंगणात कुंड्यायचा नाद धरला. वावरातली माती, जुनं शेणखत, धानाचा भुसा न जंगलातला सडका पाला, सारं घमेल्यानं मोजून कालवायची. मूठ आवळली का गोळा झाला पायजे, न बोट लावलं का फुटला पायजे, असी तिची पारख. मोहल्ल्यातल्या बाया तिच्या कुंड्या मागून नेत. मले आतून बरं वाटे, पण बोलून दाखवलं नाई. आपली सवयच खोटी.

गोष्ट बिघडली ते पाल्यापायी. नाल्यापलीकडं वाघीण पिल्लं घेऊन फिरून राह्यली होती. गावात दवंडी झाली, एकट्यानं जंगलात जाऊ नका. न हे बाई दर दोन दिवसाले पोतं घेऊन एकटीच निघे!

"मरायचं हाय का व तुले?" मी बोंबलली. "घरी खड्डा कर न त्यात सडव पाला!"

"त्याले सहा महिने लागते, आई."

"मंग लागू दे ना! कुंड्या का तुले जेवाले घालून राह्यल्या?"

मंगळवारी मी भाजी आणाले गेली न परत येऊन पाहते तं पोतं नाई, न पोरगी नाई.

माय व माय! काठी घेतली न धावली. शेजारच्या लटारूभाऊले हाक मारली. आमी दोघायनं आरडत, डबा बडवत नाला ओलांडला. एक लेकरू गेलं, आता हे बी गेलं तं मी जगून का करू, एवढंच मनात.

ती मोहाच्या झाडाखाली बसून होती. पोतं रिकामं. पदरात तोंड खुपसून असी हुंदके देऊन राह्यली होती, का तिले आमचा डबा बी ऐकू आला नाई.

लटारूभाऊ मागंच थांबले. मी तिचा दंड धरून गदागदा हलवला. "इथी काऊन बसली व? वाघ हाय इथी!"

"घरी रडली का तुमी खवळता," ती म्हणे. "इथी कोणी बोलत नाई."

खोटं का होतं त्यात? प्रफुल गेल्याच्या चौथ्याच दिवशी मी तिले दटावलं होतं, माह्या घरात रडणं नाई पायजे, रडून कोणी वापस येत नाई. मले भेव होतं. तिनं सुरू केलं असतं तं मी बी फुटली असती. सोताले सांभाळाले मी त्या पोरीचं तोंड दाबलं, न वर्षभर ती वाघाच्या रानात जाऊन रडली.

घरी आणली. दार लावलं न तिच्यापुढं बसली. "रड पोरी," म्हटलं. "पायजे तेवढं रड. मी काई नाई बोलत."

ती उठली, गॅसवर चहाचं भांडं ठेवलं.

"तुमच्यासमोर नाई येत आता रडू," ती म्हणे.