दारामागची सुतळी

थोरलीला जुळं झालं, ते हे वर्ष. बाळंतीण आणि बाळं आतल्या खोलीत होती आणि पुढे, वडिलांच्या दुकानात, धाकटी स्टुलावर चढून दारामागच्या उंच खिळ्यावरची सुतळी काढत होती. सुतळी जुनी होती, लाकडाच्या भुशाने पिवळी पडलेली. तिला चार गाठी होत्या. धाकटीने तिच्यावरची धूळ फुंकली आणि ती मुठीत गुंडाळून घेतली.

"कुणाची गं ती?" आईने दारातून विचारलं. तिच्या हातांत ओल्या दुपट्यांचा पिळा होता.

"बाबांची."

"अगं बाई! आहे होय अजून? मीच घेतलेलं माप ते, लग्नाच्या वर्षी. सारखे हसत होते मेले, दोनदा घ्यावं लागलं."

"हळू बोल ना. त्यांना कळू द्यायचं नाहीये."

"त्यांना कळायचं राहतंय होय! भिंतीपलीकडून करवत ऐकतात आणि सांगतात, कुणाचा हात आहे ते."

वडील भिंतीपलीकडेच होते. उशांचा ढीग पाठीशी घेऊन पलंगावर बसलेले. आडवं झालं की त्यांना धाप लागायची, म्हणून दिवस बसून जायचा आणि रात्रही बसून. उशा सरकत, मान लोंबे, आई पुन्हा पुन्हा नीट करी. जन्मभर खुर्च्या केलेल्या माणसाच्या घरात त्याला बसण्याजोगी एक खुर्ची नव्हती. लोकांची कामं संपली की आपली करू, असं ते म्हणायचे. लोकांची कामं काही संपली नाहीत.

धाकटी परदेशातून परत आली ती त्यांना असं बसलेलं बघायला. दुसऱ्याच दिवशी तिने ठरवलं की खुर्ची आपण करायची.

वडिलांची रीत अशी होती. गिऱ्हाईक आलं की त्याला भिंतीला टेकून उभं करायचं. टाचेपासून गुडघ्याच्या मागच्या खळग्यापर्यंत सुतळी धरायची, गाठ मारायची. मग मांडीची गाठ, मग कोपराची, मग खांद्याची. ती सुतळी भिंतीवरच्या खिळ्याला टांगायची. खिळ्यांखाली काहीही लिहिलेलं नसे. कुठली सुतळी कुणाची, ते त्यांना पाठ होतं. आणि त्यातला कुणी वारल्याचं कळलं की ते त्याची सुतळी खाली काढत, दुकानाच्या पायरीवर बसत आणि नखाने एकेक गाठ सोडवत. मोकळी झालेली सुतळी डब्यात जायची, पुढच्या माणसासाठी. म्हणून त्यांच्या गाठी नेहमी बेताच्या असत, धरतील आणि सुटतीलही अशा.

धाकटीला या सगळ्याची एके काळी लाज वाटायची. मैत्रिणी आल्या की ती त्यांना मागच्या दाराने घरात न्यायची. परदेशी शिकायला जायच्या आधी तिने वडिलांना पोलादी टेप आणून दिली होती. त्यांनी ती कौतुकाने उघडली, खटकन मिटवली, पुन्हा उघडली आणि आईला पडदे मोजायला देऊन टाकली.

तिकडच्या लाकूडकामाच्या शाळेत वर्गाच्या भिंतीवर माणसाचं एक मोठं चित्र होतं. त्याच्या प्रत्येक अवयवाशी आकडे लिहिलेले. सगळ्या खुर्च्या त्या आकड्यांवरून करायच्या. तिने एकदा विचारलं, हा माणूस कोण? शिक्षक हसले. म्हणाले, कोणीच नाही. त्या दिवशी घराची आठवण येऊन तिला जेवण गेलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी तिने वर्गाला सुतळीची गोष्ट सांगितली.

तिथून तिचं काम बदललं. ती बरोबरच्या मुलांची मापं घेऊ लागली, मग शेजाऱ्यांची, मग कपडे धुवायच्या दुकानात भेटणाऱ्या म्हाताऱ्या बाईचं. वर्षाच्या शेवटी एका पांढऱ्या दालनात तिच्या खुर्च्या मांडल्या आणि प्रत्येकीच्या वर तिची सुतळी लटकवली. माणूस गेला की गाठी सोडतात, हे तिने सांगितलं तेव्हा एक बाई रडली.

तिने घरी फोन केला होता. "बाबा, इथे लोक रडले."

"सुतळी बघून?" वडील म्हणाले. "बरी आहेत ना गं माणसं?"

फोनवर त्यांचा आवाज पूर्वीसारखाच यायचा, भरदार. तेवढ्यावर ती निर्धास्त असायची.

आता पंधरा-वीस दिवस ती दुकानात राबली. जुन्या चौकटीचं लाकूड घेतलं. सुतळी फळीवर ताणून गाठीला गाठ भिडवून खुणा केल्या. सांधे तिकडे शिकलेले, खिळा न मारता एकात एक बसणारे. थोरली बाळाला मांडीवर घेऊन दारात बसायची आणि म्हणायची, "आमच्या वेळेला बाबांनी पाळणासुद्धा खिळे मारूनच केला होता. आता तुझ्या भाच्यांना आयात केलेला कर."

खुर्ची झाली त्या सकाळी आईने आणि धाकटीने वडिलांना दोन्हीकडून धरून दुकानात आणलं. ते उंबऱ्यात थांबले, श्वास घेतला. मग खुर्चीच्या पाठीवरून अंगठा फिरवत नेला. सांध्यापाशी तो थांबला.

"खिळा कुठाय?"

"नाहीये."

"तिकडचं?"

"तिकडचं."

"हं." ते अंगठा काढेनात. "बरं आहे. कुणाला टोचायचं नाही."

मग ते सावकाश बसले.

त्यांचे पाय जमिनीला टेकले नाहीत. चार बोटं अंतर राहिलं. खुर्चीच्या हातांची उंचीही जास्त झाली. कोपर ठेवले तर खांदे कानांकडे गेले. मोठ्या माणसांच्या खुर्चीवर चढून बसलेल्या मुलासारखे ते दिसत होते. आत एक बाळ रडायला लागलं, पाठोपाठ दुसरं.

"छान झालीय," वडील म्हणाले. त्यांनी पाय जरा हलवून बघितले. "पाय तेवढे अधांतरी आहेत. पण आता आपलं जमिनीशी काम तरी काय?"

आईला हसू आलं. हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला आणि बाळांकडे बघायला निघून गेली.

धाकटी गुडघ्यांवर बसून त्या चार बोटांच्या जागेकडे बघत होती.

"मी माप बरोबर घेतलं होतं, बाबा. गाठीला गाठ लावून."

"मग? चूक कोण म्हणतंय? खुर्ची मापाचीच आहे."

"पाय कापते. आत्ता कापते."

"नाही. मापात असलेल्या खुर्चीला करवत लावायची नाही. आण ती सुतळी इकडे."

तिने दिली. त्यांनी ती मांडीवर घेतली आणि खालच्या गाठीत नख घातलं.

"बाबा, काय करताय?"

"माणूस गेला की काय करायचं असतं?"

"असं काय बोलता!"

"खोटं बोलतोय का?" गाठ जुनी होती, वेळ घेत होती. "तू विमानात बसलीस तेव्हा होता हा गडी. निरोप द्यायलाही आला होता, तुझी पेटी उचलून. नंतर गेला कधीतरी. तुला कळवायचं राहिलं."

ते एकेक गाठ सोडत गेले. मधे श्वासासाठी थांबावं लागे. चौथी सुटल्यावर त्यांनी सुतळी दोन्ही हातांनी ताणून सरळ केली आणि तिच्यापुढे धरली.

"घे. आता माप घे."

परदेशात तिने कितीतरी परक्या माणसांची मापं घेतली होती. त्यांच्या गुडघ्यामागे तळहात ठेवताना ती आधी विचारायची, चालेल ना? परत आल्यापासून वडिलांच्या पायाला मात्र तिचा हात लागला नव्हता. तिने टाच हातात घेतली. पाय सुजलेला होता, कातडी ताणून चकाकत होती. तिच्या बोटाचा खळगा पडला तो बराच वेळ भरून आला नाही.

"चालेल ना?" तिच्या तोंडून निघून गेलं.

"चालेल की."

तिने गुडघ्यामागच्या खळग्यापर्यंत सुतळी धरली आणि गाठ मारली.

"एवढी आवळू नकोस," वडील वरून म्हणाले. "सोडावी लागते."

"हो."

पुढची गाठही तिने तशीच मारली. ते बघत होते.

उरलेल्या लाकडाचा तिने त्याच संध्याकाळी पाय ठेवायला एक ठोकळा केला आणि दुसऱ्या दिवशी नवी खुर्ची धरली. ती लहानखुरी झाली. वडील तिच्यात बसले तेव्हा दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकले आणि उजवं पाऊल त्यांनी दोनदा हळूच आपटून बघितलं. खिडकीपाशी त्या खुर्चीत ते झोपू लागले. पहिली मोठी खुर्ची समोर ठेवलेली असायची. येणारा-जाणारा तीत बसे.

"तिकडे परत कधी जायचं आहे?" त्यांनी एकदा विचारलं.

"बघू."

"बघू काय? जा. काम आहे तुझं तिथे. फक्त दर खेपेला आलीस की आधी माप घेत जा."

पुढे एका दुपारी धाकटी दारामागच्या खिळ्यावरची सुतळी काढून दुकानाच्या पायरीवर बसली. पहिल्या गाठीत तिने नख घातलं. नख शिरेना. दुसरी बघितली, तिसरी, चौथी. आई शेजारी येऊन टेकली. म्हणाली, "दाभण देऊ का?"

"नको," धाकटी म्हणाली. तिने सुतळी होती तशी परत खिळ्याला लावली.

थोरलीची जुळी धरून उभी राहायला लागली त्या आठवड्यात, शुक्रवारी सकाळी, खिडकीपाशी बसल्या बसल्या वडील वारले होते.