लाल चेहरा आणि श्वासमापकाची घालमेल

मित्रांनो, जुना झालो म्हणून मला मोडीत काढू नका. मी श्वासमापक, बसच्या डेपोतला. माझ्या नळीत फुंकर मारली की श्वासात दारू किती आहे ते मी आकड्यात सांगतो. ड्रायव्हर मला फुंकणी म्हणतात. म्हणेनात का!

कारखान्यातून नवाकोरा आलो तेव्हा काय माझा थाट होता! रोज सकाळी माझ्यापुढे रांग लागायची आणि मी शून्य दाखवल्याशिवाय गाडी हलायची नाही. मग नवे साहेब आले. "माणसाचं तोंड बघितलं की मला कळतं," असं म्हणून त्यांनी मला टेबलाच्या खणात टाकलं. तेव्हापासून मला चैन नाही. गाडी सुटल्याचा आवाज आला की जीव नुसता खालीवर होतो. कोण चालवतंय? त्याला तपासलं का? पण माझं ऐकतो कोण!

त्या दिवशी एक मेकॅनिक निवृत्त होत होता. आमच्या डेपोत एक खुळी रीत होती: निवृत्त होणाऱ्याच्या हातून दुपारच्या जेवणात दारूचा पेला घ्यायचाच, नाहीतर त्याचा अपमान. टोमॅटो नावाने ओळखला जाणारा एक तरुण ड्रायव्हर होता. त्याने भिडेखातर एक घोट घेतला आणि कानापर्यंत लालबुंद झाला. सगळ्यांत जुने ड्रायव्हर काका. त्यांनी चार पेले रिचवले, पण चेहरा जसाच्या तसा.

चार वाजता शाळेची सहल निघायची होती. गाडी टोमॅटो नेणार होता. त्याला बघताच साहेब कडाडले, "लाज नाही वाटत? काका, गाडी तुम्ही घ्या." काकांनी शांतपणे किल्ली खिशात टाकली. मी खणात तडफडत होतो. चाळीस मुलं बसमध्ये चढत होती हो!

तेवढ्यात टोमॅटोची मोठी बहीण तावातावाने आत आली. ती डेपोच्या दवाखान्यात नर्स आहे.

"साहेब, त्याला गाडी देऊ नकाच. त्याने घोट घेतलाय. पण नुसत्या रंगावर जाऊ नका. आमच्या आईचंही असंच व्हायचं."

"म्हणजे?"

"दारू पोटात गेली की शरीरात तिचं आधी एक विषारी द्रव्य होतं. ते साफ करायची ताकद काहींच्या शरीरात जन्मापासूनच कमी असते. मग ते साचतं, रक्तवाहिन्या रुंदावतात आणि चेहरा लाल होतो. शरीरच सांगतं, बाबा रे, पिऊ नकोस. पण ज्याचा चेहरा लाल होत नाही, त्याला चढत नाही असं थोडंच आहे?"

तिने खण ओढला. मला उजेड दिसला! टोमॅटोने फुंकर मारली. आकडा अगदी थोडा आला. मग नवी नळी लावून काकांनी फुंकर मारली आणि मी भला मोठा आकडा दाखवत जिवाच्या आकांताने किंचाळलो.

"डबडं बिघडलंय ते," काका हसले. "तीस वर्षांत साधा ओरखडा नाही माझ्या गाडीला."

खरं सांगतो मित्रांनो, माझीच पाचावर धारण बसली. वर्षभर मला कुणी तपासलं नव्हतं. मी खरंच बिघडलो असेन तर? एका भल्या माणसाची अब्रू उगाच जाईल. आणि मी खरा असूनही यांनी ऐकलं नाही तर?

नर्सताईने स्वतः फुंकर मारली. शून्य. काकांनी पुन्हा मारली. तोच आकडा!

इतक्यात बसच्या खिडकीतून काकांची चिमुरडी नात ओरडली, "आजोबा, साहेबांनी गाडी तुम्हाला दिली ना? मी सगळ्यांना सांगितलंय!"

काकांच्या तोंडचं पाणीच पळालं. त्यांनी किल्ली काढून माझ्याशेजारी ठेवली आणि ते खिडकीपाशी गेले. "नाही गं बाळा," ते म्हणाले, "आज तुझा आजोबा प्यायलाय."

सहल तासभर उशिरा निघाली. सुट्टीवरच्या ड्रायव्हरला घरून बोलावलं होतं. त्याला मी शून्य दाखवलं, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

मित्रांनो, मला खणात कोंडू नका, वेळच्या वेळी तपासून घ्या. एका घोटाने कुणी लाल झाला तर त्याला हसू नका आणि आग्रहही करू नका. आणि गाडीत बसताना चालवणाऱ्याला बेधडक विचारा, "फुंकलात का?" तो तुमचा आजोबा असला तरी विचारा.