अर्ध्या पडद्यावरची कादंबरी

ही २००७ सालची गोष्ट. मित्रांनो, मी एक जुना व्हिडिओ गेम आहे, दोन हातांत धरून खेळायचा. उड्या मारायला आणि शत्रूंना लोळवायला माझा जन्म झाला. एका घरातल्या लेकीने मला आणले, मनसोक्त खेळली आणि नोकरी लागल्यावर कपाटात टाकले.

तिचे बाबा छापखान्यात जुळारी होते. शिशाची एकेक अक्षरे, म्हणजे खिळे, उचलून त्यांनी आयुष्यभर लोकांची पुस्तके जुळवली. निवृत्तीनंतर त्यांची नजर मधोमध अंधूक झाली. वर्तमानपत्राची घडी मोडेनाशी झाली आणि त्यांचे बोलणेही आटले.

एकदा ते एवढेच म्हणाले, "छापखान्यात एका कादंबरीची मधली पानं मी जुळवली होती. शेवट शेजारच्या जुळाऱ्याकडे गेला. त्यातली घर सोडून गेलेली बाई घरी परत जाते की नाही, अजून ठाऊक नाही मला."

"चाळीस वर्षं दुसऱ्याच बाईचा घोर!" आई म्हणाली.

कादंबरी बाजारातून केव्हाच गेली होती. पण कुणीतरी हौसेने ती टाइप करून इंटरनेटवर ठेवली होती. लेकीने ती उतरवून घेतली. मग पुस्तके वाचायचे एक सॉफ्टवेअर माझ्यात बसवले. ते माझ्या कंपनीचे नव्हते, कुणा परक्याने लिहिलेले होते. त्यात अक्षर हवे तेवढे वाढायचे. उडीच्या बटणाने पान उलटायचे.

बाबा मान तिरकी करून नजरेच्या कडेने वाचू लागले.

"वाचताय की कोंबडीसारखं बघताय?" आई म्हणाली.

"गप गं, ती आगगाडीत चढतेय!"

दोन प्रकरणे उरली असताना त्यांनी मला स्वच्छ केले. काम संपले की खिळे रॉकेलने पुसायचे, ही छापखान्याची सवय. रॉकेल फटीतून आत शिरले आणि माझा खालचा अर्धा पडदा कायमचा धुरकटला.

"अहो, खिळा आहे का तो!" आईने कपाळावर हात मारला.

दुरुस्तीवाला म्हणाला, "याचा पडदा आता मिळायचा नाही."

बाबा भिंतीकडे तोंड करून बसले. आई हळूच म्हणाली, "मी वाचून दाखवू?"

"नको. एवढं एक माझं मला वाचायचंय."

लेक माझ्या सॉफ्टवेअरमधल्या सोयी मोठ्याने वाचत बसली. अक्षर, रंग, समास...

बाबा वळले. "समास? मग पानाखालची कोरी जागा वाढव की! अर्ध्या पानापर्यंत वाढव."

मजकूर वर सरकला. पानावर जेमतेम चार शब्द मावत होते. बटण दाबून दाबून बाबांचा अंगठा दुखला, पण त्यांनी शेवट गाठला.

"गेली का घरी?" आईने विचारले.

"दारापर्यंत गेली. आत दिवा दिसला, हसण्याचा आवाज आला. मग तशीच परत फिरली."

"अगंबाई! का?"

"ते असं नाही कळायचं."

"मग पहिल्यापासून सांगा ना."

बाबा सांगू लागले. किती महिन्यांनी त्या घरात त्यांचा आवाज इतका वेळ ऐकू आला!

दुरुस्तीवाला पुढे गाव सोडून गेला. बाबा आणखी सहा वर्षे वाचत राहिले आणि गेले. आई आता खूप थकली आहे. त्या बाईने दार वाजवायला हवे होते, असे ती अजून म्हणते. लेकीला चष्मा लागला आहे. माझी बॅटरी फुगली, म्हणून ती काढून मला पुस्तकांच्या कपाटात ठेवले आहे. तिथे मी सुखी आहे.

मित्रांनो, घरात कुणी वाचणे सोडले असेल, तर त्यांना कंटाळा आला असे समजू नका. जवळ बसा आणि विचारा, "अक्षर केवढं करू?"