अर्ध्या तासाचं पाणी

टीव्हीवरचं काहीही नीलाबाईला पटत नसे, आणि न पटलेलं पोटात ठेवायची तिला सवय नव्हती. रविवारी संध्याकाळी सिनेमा लागला की गल्लीतल्या बायका तिच्या बैठकीत सतरंजीवर दाटीवाटीनं बसत. अर्ध्याजणी सिनेमा बघायला येत आणि अर्ध्याजणी नीलाक्का काय बोलते ते ऐकायला. नायकाच्या आईनं वीस वर्षं लोकांचे कपडे शिवले, डोळे घालवले; पण तिच्या घरात एकदाही चूल पेटलेली दिसली नाही, मग पोरगं एवढं धिप्पाड झालं कशावर, असं ती विचारायची. विनोदी मालिकांवर तर तिचा खास राग. कुणी केळीच्या सालीवरून घसरला की म्हणे हसायचं. तिची बहीण अर्धापूरला दिलेली, घरचे केळीचे मळे. तिथं अंगणात सालींचा खच पडलेला असायचा, पण आजवर एकही माणूस घसरलेला तिनं पाहिला नव्हता.

तिच्या नवऱ्याचं, माणिकप्पाचं, गंजातल्या बाजारात किराणा दुकान होतं आणि त्याला टीव्हीवरचं सगळंच आवडायचं. गिऱ्हाईक दुखवू नये एवढंच तो आयुष्यात शिकला होता, आणि टीव्हीलाही तो गिऱ्हाइकासारखंच वागवायचा.

लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती. कचेऱ्या उठल्या, पाट्या बदलल्या, बदलीवर साहेबलोक राहायला आले. येताना आपल्यापुरतं पाणी मात्र कुणी बरोबर आणलं नाही. पावसानं सलग दोन वर्षं तोंड फिरवलेलं. नळ कधीमधी सूं सूं करायचे आणि पुन्हा गप्प बसायचे. माणिकप्पाच्या घरासमोर गल्लीचा सिमेंटचा हौद होता. त्यात दर रविवारी टँकर सोडायचे आणि त्यावर तीसेक घरांनी आठवडा काढायचा.

टँकरवर भुजंग नावाचा ड्रायव्हर होता, हदगावकडचा. बाकीच्या गल्ल्यांत तो दहा मिनिटं पाइप सोडायचा, तोटी बंद करायचा आणि निघायचा. कुणी हातापाया पडलं तरी ऐकायचा नाही. पण रविवारी सकाळी दहाला एक हिंदी विनोदी मालिका लागायची आणि भुजंग तिच्यासाठी येडा होता. एकदा तो माणिकप्पाच्या दारात उभ्या उभ्या बघत राहिला, पुढच्या खेपेला आत येऊन बसला, आणि मग तो रिवाजच पडला. पाइप हौदात सोडायचा, चपला उंबऱ्याबाहेर काढायच्या आणि खुर्चीत बसायचं. मालिका अर्ध्या तासाची, म्हणून गल्लीला पाणी अर्ध्या तासाचं. शेजारच्या गल्लीतल्या बायका जळायच्या. या गल्लीतल्या बायका येऊन खाली सतरंजीवर बसायच्या आणि भुजंग हसला की हसायच्या.

नीलाबाईला सगळ्यांनी मिळून सांगून ठेवलं होतं, अक्का, संध्याकाळी काय बोलायचं ते बोल, सकाळी तेवढं तोंड उघडू नको. ती अकरा रविवार गप्प राहिली. पदर दातात धरून गप्प राहिली, पण राहिली.

त्या रविवारी घरात थेंब नव्हता. तिची सासू सिद्धम्मा पंच्याहत्तरीची. गळ्यातल्या लिंगाला ताज्या पाण्यानं स्नान घातल्याशिवाय ती तोंडात घास घालत नसे. आदल्या दिवशी तांब्याच्या तळाशी होतं नव्हतं ते पूजेला गेलं. आता म्हातारी कपाळाला विभूती लावून, रिकामा तांब्या मांडीत घेऊन उंबऱ्याशी हौदाकडे बघत बसली होती. शेजारच्या नागम्माकडे सून बाळंत होऊन आठवडा झालेला. नागम्मानं तर तीन घागरी रात्रीच हौदाला लावून ठेवल्या होत्या.

भुजंग आला, पाइप सोडला, बसला. मालिकेत त्या दिवशी दुष्काळी खेड्यातली एक काकी शहरात पुतण्याकडे राहायला आली होती. काकी पहाटे उठून नळाचं पाणी भरायची. बादल्या भरल्या, पातेली भरली, डबे भरले, फुलदाणीसुद्धा सोडली नाही. भाजी धुतलेलं पाणी तिनं झाकून ठेवलं. पुतण्याच्या साहेबाला अर्धाच पेला पाणी दिलं आणि उरलं तर परत द्या म्हणाली. भुजंगला हसू आवरेना. माणिकप्पा मांडीवर थाप मारून हसला. नीलाबाईनं बायकांकडे पाहिलं. भाजीचं पाणी झाकून ठेवणाऱ्याच सगळ्या, आणि हसत होत्या.

मग पुतण्याची बायको चिडली. तिनं काकीची भांडी एकेक उचलली आणि जिन्यावरून ओतून दिली. पाणी पायऱ्यांवरून धो धो खाली आलं, त्यात साहेब घसरला, मागून पुतण्या घसरला. काकी रिकामी घागर घेऊन त्यांच्या मागं धावत सुटली. भुजंग पोट धरून हसत होता.

नीलाबाई उठली आणि तिनं टीव्ही बंद केला.

"काय हसलास, भुजंगा?" ती म्हणाली. "सांग बरं मला. मला काईच कळालं न्हाई."

भुजंगला वाटलं थट्टा आहे. तो म्हणाला, अक्का, ती काकी कशी पळून राहिली बगा ना. पळाली, मग त्यात काय, नीलाबाईनं विचारलं. बाई पाणी राखून ठेवते यात हसण्यासारखं काय आहे? तू टँकर घेऊन दारोदार फिरतोस, तुला बायका अशा पळताना रोज दिसतात, त्यांनाही असाच हसतोस का?

"खोटं रडतेत, खोटं मरतेत, ते मी समजून घेते," ती म्हणाली. "पर पानी तर खरंच सांडलं की न्हाई? एवढी भांडी कुनीतरी भरली आन् आपल्याला हसू यावं म्हनून वतून दिली. आन् आपुन हसलो."

भुजंगचा चेहरा उतरला आणि मग ताठला. सगळ्या बायकांदेखत बाईनं आपल्याला जाब विचारला, हे त्याला लागलं. तो उठला, चपला पायात सरकवल्या आणि म्हणाला की साहेबांच्या कॉलनीत रंगीत टीव्ही आहे, तिथं बोलावून राहिलेत, जातो. बाहेर जाऊन त्यानं तोटी बंद केली. पाइपचा आवाज थांबला तसा नागम्माच्या तोंडून आई गं निघालं.

माणिकप्पा धावत बाहेर गेला. भुजंगराव म्हणत, त्याच्या पाठीवर हात ठेवत त्याला आत घेऊन आला, खुर्ची पुसली, टीव्ही लावला. बायको जरा तिरसट आहे, मनावर घेऊ नका, असं तो नीलाबाईसमोरच म्हणाला. तेवीस वर्षांच्या संसारात तिला एवढा संताप कधी आला नव्हता. भुजंग खुर्चीत बसला खरा, पण तोटी त्यानं उघडली नाही. टीव्हीवर काकी अजून जिना पुसत होती, पिळून पिळून पाणी घागरीत भरत होती.

पहिली नागम्मा हसली. डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती. मग तिच्या शेजारची हसली, मग सगळ्याच. भुजंगनं बायकांकडे पाहिलं, आणि मग तो नीलाबाईकडे बघत बसला. त्याला काय पाहिजे होतं ते बैठकीतल्या प्रत्येकीला कळलं होतं.

नीलाबाईनं उंबऱ्याकडे पाहिलं. सिद्धम्मानं हौदाकडे बोट केलं आणि मग हाताचा पंजा जमिनीपासून वीतभर वर धरला. तेवढंच पाणी पडलं होतं.

नीलाबाई हसली. आधी नुसतेच दात दिसले. मग तिनं पडद्यावरच्या काकीकडे पाहिलं आणि ती मोठ्यानं हसली, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं, माणिकप्पानं दचकून बघावं इतक्या मोठ्यानं. स्वतःचा असा आवाज तिनं कधी ऐकला नव्हता, आणि तो ऐकताना तिला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटत होती.

भुजंग उठला. बाहेर जाऊन त्यानं तोटी उघडली, हौदात पाणी पडू लागलं. परत येऊन तो खुर्चीत सैल बसला आणि म्हणाला, "आता कळलं का, अक्का, कामून हसायचं?"

"हाव," नीलाबाई म्हणाली. "कळलं. फुडल्या ऐतवारी बी या, भुजंगराव."