एक होडी वजा

बाबांना समुद्रावरून घरी आणायचं, एवढंच मला गेल्या वर्षी हवं होतं. त्यांच्या हृदयात स्टेंट बसवलेले, जाळं ओढायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं, आणि हा माणूस रोज पहाटे आमच्या किओज्जा बंदराच्या धक्क्यावरून आपली म्हातारी होडी सोडणार. बरं, डिझेलचाही खर्च निघत नव्हता. भीतीबिती सांगून सान्ते बोस्कोलो, म्हणजे आमचे बाबा, ऐकायचे नाहीत, आकडे दाखवले तर ऐकतील, असा माझा कयास होता.

आकडे हा माझा धंदाच. इथल्या समुद्र संशोधन संस्थेत मी गणित करते. मासे किती, होड्या किती, डिझेल काय भाव, बाजारात लेपा मासळी काय भाव, आणि यातलं एक हललं की बाकीची कशी हलतात, ते समीकरणांत मांडायचं. हे आमच्याकडचं जुनं खूळ. पहिल्या महायुद्धात इथली मासेमारी बसली आणि शिकारी माशांचं प्रमाण वाढलं, तेव्हापासून गणितवाले या पाण्याच्या मागे लागलेत.

माझ्या मॉडेलमध्ये तोट्यातली होडी बंद पडते. बाबांची पडत नव्हती.

"बाबा, तू रोज घरचे पैसे घालून समुद्रावर जातोस, कळतंय ना तुला?"

"तो एल्व्हिओ रोज घरचे पैसे घालून कॅफेत बसतो. त्याला सांग जा."

"त्याला बसायला आवडतं."

"मग झालं तर."

असल्या माणसापुढे कुठलं समीकरण मांडायचं? माझं डोकं फिरायचं.

त्यातच सरकारी योजना आली. होडी मोडीत काढा, अनुदान घ्या. लेपा वाचायला किती होड्या कमी व्हायला हव्यात, ते काढायचं काम आमच्या संस्थेकडे आलं. उत्तर आलं, पाचातली एक. त्यात काडीची लबाडी नव्हती. मात्र शिफारशीत 'जुन्या होड्या आधी' हे लिहिताना मला एकच होडी दिसत होती.

पुढे अख्खा हिवाळा आम्ही दर रविवारी जेवताना भांडलो. बाबा माकूळ आणि मक्याचा घाटा पुढ्यात घेऊन जेवायचे, मी आलेख दाखवायची. एका रविवारी त्यांनी चष्मा लावला आणि लेप्यांची खाली घसरत गेलेली रेघ बराच वेळ पाहिली.

"एवढेच राहणार?"

"होड्या कमी झाल्या नाहीत तर, हो."

"आण तो अर्ज."

नियमाप्रमाणे होडी मालकासमोर फोडतात. यंत्राचा पंजा पहिल्यांदा लाकडात घुसला तेव्हा बाबांनी टोपी काढली. मला रडू आलं, आणि खोटं कशाला बोलू, आनंदही झाला. त्या रात्री मी कितीतरी दिवसांनी गाढ झोपले.

पुढच्याच महिन्यात एका सकाळी त्यांची औषधं घेऊन गेले, तर घराला कुलूप. खाली कॅफेत एल्व्हिओ होता.

"सान्ते ना? फेरुच्चोच्या बोटीवर. तुला ठाऊक नाही? अनुदानाचे पैसे घातले की त्याने तिच्यात. नवं इंजिन बसवलंय. भागीदार झालाय तुझा बाप."

फेरुच्चो म्हणजे बाबांचा चुलतभाऊ. त्याची बोट दोन-दोन दिवस बाहेर असते आणि बाबांच्या होडीच्या कितीतरी पट मासे उपसते. म्हणजे सरकारने एक होडी मोडली आणि त्याच पैशांत दुसरीला बळ दिलं. माझ्या मॉडेलमध्ये होडी वजा केली की तिच्यातला माणूसही वजा व्हायचा. तो कुठे जातो, हे मी विचारलंच नव्हतं. आणि तो माणूस माझा बाप होता.

बोट लागेपर्यंत मी धक्क्यावर उभी राहिले. बाबा उतरले ते दमून काळवंडलेले, पण खुशीत.

"होडी मोडायला मी कशाला लावली तुला?" मी ओरडले.

"लेपे वाचावेत म्हणून. एक होडी कमी करा म्हणालीस. केली की."

"आणि तू?"

"माझं काय? सगळा हिवाळा तू लेप्यांच्या जिवाचं बोललीस. माझ्या जिवाचं बोललीस का एकदा तरी?"

फेरुच्चो पेट्या उतरवायचा थांबला. मी रागाच्या भरात बोलून गेले, "मला भीती वाटते, बाबा. तू बाहेर असलास की मला झोप लागत नाही."

 बाबा कपाळाला हात लावून शेजारच्या पेटीवर मटकन बसले.

"अगं बाई, मग हे आधी नाही का बोलायचं? मी गेल्याच आठवड्यात फेरुच्चोबरोबर दहा वर्षांच्या भागीदारीच्या करारावर सही केली."